पुढे काही आढळले नाही

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर संदर्भ विभाग होता आणि संदर्भ विभागात पुरावाबाई होत्या. हे नाव त्यांना कॉलेजच्या पोरांनी ठेवलेलं. कुणी काही सांगायला गेलं की बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारायच्या, "कुठं छापलंय? कधी? कुणी?" घरीही हाच खाक्या. नवरा म्हणाला की बाहेर गार वारा सुटलाय, तर बाई खिडकीतून हात बाहेर काढून बघणार आणि मगच शाल घेणार. नवरा बिचारा विमा कचेरीतून निवृत्त झालेला. जन्मभर लोकांकडे कागद मागून थकला होता, आणि उरलेल्या आयुष्यात घरी कागद मागणारी बसलेली. "मी माझ्या साहेबाशीच लग्न केलं," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

बाई कामात मात्र चोख होत्या, हे त्यांच्याशी ज्यांचं पटत नसे तेही कबूल करत. ग्रंथालयाने दोन मोठे डेटाबेस घेतले होते. एकात जुन्या-नव्या वर्तमानपत्रांची पानं होती, दुसऱ्यात संशोधनाचे लेख. दर सत्राला पोरं यायची आणि बाई त्यांना तासभर फैलावर घ्यायच्या. पहिलं सापडलं ते उचलून पळू नका. लेख मागाहून मागे घेतला गेलाय का ते बघा. तीन पेपरांत एकच बातमी दिसली म्हणून तीन साक्षीदार मिळाले असं समजू नका, तिघांनी एकाच्याच तोंडचं ऐकलेलं असेल. पोरं माना डोलवायची आणि बाहेर पडल्यावर पहिलं सापडेल ते उचलून पळायची.

बाईंची नणंद गावातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका होती. नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी, पण हुद्द्यामुळे घरात तीच थोरली होऊन बसलेली. बाई तिला वन्सं म्हणायच्या, त्यात निम्मा मान आणि निम्मी चेष्टा असायची. तर एका सोमवारी या वन्सं स्वतः जिना चढून संदर्भ विभागात आल्या. कधी नव्हे ते आल्या म्हणजे काम अडलेलं असणार, हे बाईंनी ओळखलं.

"वहिनी, आमचा बसवाला माहितीय ना? मुलं बसकाका म्हणतात तो." वन्सं खुर्चीत टेकल्या. "पालकांच्या फोनवर कुणीतरी निनावी मजकूर टाकलाय. म्हणे एकोणीस वर्षांपूर्वी यानं दारू पिऊन कारखान्याची बस दरीत घातली. दोन माणसं गेली, याला अटक झाली. पालक पेटलेत नुसते. खरं काय ते तुम्ही काढा. तुमच्या कागदाला सगळे मान देतात."

शेवटचं वाक्य बाईंना गोड लागलं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

बाईंनी माणसाचं पूर्ण नाव टाकलं, साल टाकलं, फक्त वर्तमानपत्रं ठेवली. अर्ध्या तासात तीन पेपरांतल्या तीन बातम्या सापडल्या. घाटातल्या उतारावर कामगारांची बस कोसळली. चालकाच्या तोंडाला उग्र वास येत असल्याचे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. चालकास अटक. मग बाईंनी पुढची दोन वर्षं चाळली. त्याच नावाने, गावाच्या नावाने, कारखान्याच्या नावाने. काही नाही.

दुपारी वन्संचा फोन आला. "तो म्हणतोय, तो सुटला होता. एक कात्रण दाखवतोय. पण त्यावर ना तारीख, ना पेपरचं नाव. काय करू?"

बाईंच्या समोर तेव्हा पोरांचा एक गट बसला होता. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या, "वन्सं, बिनतारखेचं कात्रण म्हणजे पुरावा नव्हे. असलं कात्रण कुणीही छापून आणील." पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बाई मनातून खूश झाल्या.

संध्याकाळी त्यांनी अहवाल लिहिला. तीन बातम्या जोडल्या आणि शेवटी एक वाक्य घातलं, 'त्यानंतरच्या काळात सदर चालक निर्दोष ठरल्याची कोणतीही बातमी आढळली नाही.' खाली सही नव्हती, संदर्भ विभागाचा शिक्का होता. अहवाल पालकांपुढे वाचला गेला आणि तीन दिवसांत बसकाकाला घरी बसवलं.

पुढच्या आठवड्यात एक माणूस संदर्भ विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. साठीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. आत यावं की नाही याचा विचार करत होता.

"या ना. काय हवंय तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

"मॅडम, जुना पेपर शोधायचाय. माझ्याकडं त्यातला तुकडा आहे, पण तो कुठला ते कळत नाही." त्याने खिशातून लायसनचं पाकीट काढलं आणि त्यातून प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक पिवळं कात्रण टेबलावर ठेवलं.

सहा ओळींचं होतं. 'घाटातील बस अपघातप्रकरणी चालकाच्या रक्तात मद्याचा अंश आढळला नसल्याचे तपासणीत स्पष्ट झाले आहे. ब्रेकची नळी फुटल्याने अपघात झाला असून, ब्रेकबाबत चालकाने यापूर्वी तीन वेळा लेखी तक्रार केली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. चालकास दोषमुक्त करण्यात आले आहे.'

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या.

"आमच्या हिनं कापलं होतं," माणूस सांगत होता. "बातमी आली त्या दिवशी घरात अडीच महिन्यांनी कुणीतरी हसलं. आनंदाच्या भरात तिनं अगदी कडेकडेनं कापलं, कशिदा काढल्यासारखं. वरची तारीख लागेल हे तिच्या कुठनं ध्यानात येणार? आता विचारावं तर ती राहिली नाही."

"शाळेत दाखवलंत का हे?"

"दाखवलं की. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, याला अर्थ नाही. तुमच्या लायब्ररीतल्या कुणी तज्ज्ञानं लिहून दिलंय म्हणे, पुढं काही आढळलं नाही म्हणून." तो थोडा पुढे वाकला. "त्या साहेबांवर माझा राग नाही मॅडम. त्यांना सापडलं नसेल. पण इथं लिहिलेलं इथंच खोडता येईल ना? बस काय, मिळेल नाहीतर नाही. पण मुलं रस्त्यात दिसली तर त्यांच्या आया त्यांना पलीकडं ओढून नेतात. ते सोसत नाही."

बाईंच्या जिभेवर आलं होतं, की ते साहेब मीच. पण त्यांनी टेबलावरचा पेनस्टँड उगाच उजवीकडून डावीकडे ठेवला आणि म्हणाल्या, "कात्रण दोन दिवस माझ्याजवळ राहू द्या."

"एकोणीस वर्षं कुणाकडं ठेवलं नाही," तो म्हणाला. मग उठला. "पण राहू द्या."

तो गेल्यावर बाईंनी पहिल्यांदा आपल्याच तीन बातम्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. बसमध्ये चालक धरून चाळीस जण होते. दोन ठार, एकोणीस जखमी, वीस सुखरूप. बाईंनी बोटांवर बेरीज केली. एकेचाळीस. दुसऱ्या पेपरातही तेच आकडे. तिसऱ्यातही. उग्र वासाचं वाक्य तर तिन्हीकडे शब्दाला शब्द सारखं. कुण्या एका वार्ताहराने घाईत जे लिहिलं, ते तिघांनी उचललं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरांना हे दर सत्राला शिकवणारी बाई स्वतःच तीन साक्षीदार मोजून मोकळी झाली होती, कारण तीन कागद जोडले की अहवाल भारदस्त दिसतो.

मग त्यांनी कात्रण उलटं केलं. मागे शब्दकोड्याचा तुकडा होता आणि त्यात एक ओळ, 'कोडे क्र. ४३१२ चे उत्तर'. तीन पेपरांपैकी रोजच्या कोड्याला क्रमांक देणारा एकच होता. अपघाताच्या बातमीच्या दिवशी त्या पेपरात कोडं होतं ४२३४. म्हणजे अठ्ठ्याहत्तर दिवस पुढे, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी छापतात म्हणून आणखी एक. बाईंनी कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजलं आणि ती तारीख डेटाबेसमध्ये टाकली.

पान आलं नाही. आदल्या दिवसाचंही नाही, नंतरच्या दिवसाचंही नाही. त्या पेपरची दिवसवार यादी उघडली तर सलग तीन महिन्यांचे चौकोन करडे होते. कोपऱ्यात एक इवलंसं चिन्ह होतं, आजवर बाईंनी कधी न दाबलेलं. दाबलं तर लिहिलं होतं, 'या काळातील अंक उपलब्ध नाहीत.'

बाईंनी आपला अहवाल पुन्हा काढला. त्यांनी लिहिलं होतं, बातमी आढळली नाही. खरं होतं. पण जिथे ती होती ते कपाट त्यांनी उघडलंच नव्हतं, आणि कपाट आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बाकीच्या दोन पेपरांनी तर सुटकेची बातमी छापायचे कष्टच घेतले नसणार. अटकेला पहिलं पान मिळतं, सुटकेला मिळाली तर पाचव्या पानावर कोड्याच्या पाठीमागे जागा मिळते.

घरी त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याने दोनदा विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"अगं, तू मुद्दाम नाही केलंस," तो म्हणाला.

"मुद्दाम केलं असतं तर निदान नीट केलं असतं," बाई म्हणाल्या. "ते कात्रण मी मागवूनसुद्धा घेतलं नाही हो. न बघता सांगून मोकळी झाले. समोर पोरं बसली होती, त्यांच्यापुढे शहाणपणा मिरवायचा होता." आणि त्या रडल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्यांना चुकीसाठी रडताना पाहिलं नव्हतं. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ज्या गावातून तो पेपर निघायचा तिथल्या ग्रंथालयात फोन लावला. तिथे अंकांचे बांधीव खंड तळघरात होते आणि ते सांभाळणारे एक दप्तरदार होते, बोलताना दर वाक्याला खोकणारे. "एकोणीस वर्षांपूर्वीचा? अहो, त्या खोलीत मी गेलो तर मलाच शोधायला माणूस पाठवावा लागेल," ते म्हणाले. पण माणूस भला होता. दुपारी चार वाजता त्यांनी अख्ख्या पानाचा फोटो पाठवला, वर पेपरचं नाव, तारीख, सगळं. पाचवं पान, सातवा रकाना, तळाला सहा ओळी. बाईंनी लगेच छापील प्रत काढली.

ठरल्या दिवशी माणूस आला. बाईंनी आधी पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने तारखेवर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवून तळाच्या सहा ओळी वाचल्या. डोळे भरून आले होते. "मॅडम, तुमचे उपकार..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "तो पहिला अहवाल मीच लिहिला होता."

त्याने मान वर केली.

"आणि कात्रणाला अर्थ नाही, हेही मीच सांगितलं. फोनवर."

"न बघता?"

"न बघता."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. माणसाने कात्रण उचललं, पाकिटात ठेवलं, पाकीट खिशात घातलं.

"परवा मी इथं बसून त्या साहेबांवर राग नाही म्हणालो, तेव्हा तुम्ही ऐकत होता," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा सांगायचं होतं मॅडम."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बाईंना हलकं वाटलं असतं. तो माणूस शिव्या देणाऱ्यांतला नव्हता, हीच पंचाईत होती.

"मी नवा अहवाल लिहिते," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाने, सही करून. चूक माझी, असं स्पष्ट लिहून."

"लिहून तर मागंही दिलंत," तो म्हणाला. आणि दाराशी जाऊन थांबला. "लिहा. पण तो पालकांपुढं वाचला गेला पाहिजे. पहिला वाचला होता तसा."

वन्संनी नवा अहवाल वाचला आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, काय हे! मी तुमच्या भरवशावर कमिटीपुढे तोंड उघडलं. नवा माणूस गाडीवर आलासुद्धा. आता मी उठून म्हणू, की आमच्या घरातलीच चुकली? मला तोंडघशी पाडलंत."

"तुम्ही नका म्हणू. मी म्हणते."

"तुम्हाला खातील ते."

"खाऊ देत."

वन्संनी वहिनीकडे बघितलं. वहिनी भांडायला आलेली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. शनिवारच्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत त्यांनी दोन नंबरवर बाईंचं नाव घातलं.

सभा शाळेच्या लांब खोलीत होती. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. बसकाका शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली होती. बाईंनी वाचलं. कमी-जास्त काही केलं नाही. तीन बातम्या म्हणजे मुळात एकच बातमी होती हे सांगितलं, एकेचाळीसचा हिशेब सांगितला, तीन महिन्यांचे अंक डेटाबेसमध्ये नव्हते हे सांगितलं. ते पाचवं पान सगळ्यांना दिसेल असं धरलं. "हा माणूस निर्दोष होता आणि ते एकोणीस वर्षांपूर्वी छापून आलेलं आहे. मला सापडलं नाही म्हणजे ते नव्हतंच, असं मी तुम्हाला भासवलं. ही माझी चूक झाली. मी तुमची आणि त्यांची माफी मागते."

खोलीत चुळबूळ झाली. दोघा-तिघांनी मागे वळून बसकाकाकडे बघितलं आणि त्या बघण्यात थोडी लाज होती, असं बाईंना वाटलं. क्षणभर त्यांना बरंही वाटलं.

मग मधल्या रांगेतून सहावीतल्या एका मुलीची आई उठली. रागाने नव्हे, तिला खरंच भीती वाटत होती. "मॅडम, एक विचारू? तुम्हीच म्हणताय की तुम्हाला सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही."

"हो. बरोबर."

"मग यांच्याबद्दल आणखी काही वाईट असेल आणि तेही तुम्हाला सापडलं नसेल. तसं नाही, हे कशावरून?"

बाईंनी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं, ठासून म्हणायचं होतं, सगळी खोली ते ऐकायला थांबली होती. पण नाही म्हणायला हाती काय होतं? एकदा खात्री नसताना खात्रीने बोलल्या होत्या, त्याचं फळ समोर भिंतीला टेकून उभं होतं.

"ते," बाई म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही."

त्या आईने मान हलवली आणि खाली बसली. बाकांवर कुजबुज पसरली. कुणीतरी म्हणालं, मुलांचा प्रश्न आहे, उगाच धोका कशाला. कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे. बाईंना कळलं, की खरं बोलून त्यांनी या माणसाला दुसऱ्यांदा बसमधून खाली उतरवलं होतं.

बसकाका भिंतीपासून सरकून दोन पावलं पुढे आला. त्याने बाईंकडे बघितलंही नाही. तो त्या आईकडे बघत होता.

"ताई, तुमच्या मुलीला मी पहिलीपासून नेली. सहा वर्षं. रोज सकाळी नेली, रोज दुपारी दारात आणून सोडली," तो म्हणाला. "त्याचं कुठं छापून आलं नाही."

ती आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. बसकाकाने दार उघडलं आणि बाहेर गेल्यावर आवाज होऊ नये म्हणून हळू लावून घेतलं.

"नोंद घेतली आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी दोन नंबरपुढे खूण केली. "पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा."

बाई हातात पान धरून तशाच उभ्या होत्या. बसा, म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं.